ग्रेगरी पेक: अभिनय करायचा की नुसताच उभा राहायचा?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

परवा रविवारी लेकीला घेऊन ग्रेगरी पेकचा 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) बघायला बसले. लेक अकरावीत. काळापांढरा म्हटल्यावर तिनं आधी नाक मुरडलं, पण अर्ध्या तासानं मोबाइल उलटा करून ठेवला आणि शेवटपर्यंत बघितला. तेवढं मी जिंकले. संपल्यावर म्हणते, "पिक्चर मस्त आहे गं, पण तो वकील काही करतच नाही. नुसता उभा असतो. उंच आहे, आवाज भारी आहे, बस."

मला राग आला आणि उत्तर काही सुचेना. कारण खरं सांगायचं तर माझ्याही मनात ही शंका कधीपासून आहे. ग्रेगरी पेक मला कॉलेजपासून आवडतो. पण आवडतो म्हणजे नक्की काय आवडतं? ब्रँडोसारखा तो अंगावर येत नाही. जेम्स स्टुअर्टसारखा अडखळत, चाचपडत बोलत नाही. पाच वेळा ऑस्करचं नामांकन, त्यातलं पाचवं ह्याच वकिलासाठी आणि तेव्हाच काय ते बक्षीस. पहिल्या चार वेळा परीक्षकांनाही माझ्या लेकीसारखंच वाटलं असेल का?

तर प्रश्न असा: पेक हा नट म्हणून मोठा, की देखणा आणि सज्जन माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला एवढंच? लेकीला पटेल असं काहीतरी सांगा. "तुमच्या पिढीला कळत नाही" हे उत्तर मी देऊन झालंय, उपयोग झाला नाही.

मॅटिनीवाला

पेक म्हणजे 'मॅकेनाज गोल्ड'. विषय संपला.

थट्टा नाही करत. तुम्ही ऑस्करवाले लोक ह्या पिक्चरचं नावही घेत नाही. अमेरिकेत तो आपटला होता म्हणे. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं फिरून फिरून लागायचा. मी पुण्यात अलकाला मॅटिनीला किती वेळा बघितला ते घरी अजून सांगितलेलं नाही. नकाशा जाळून टाकतो, म्हणजे सोन्याची वाट फक्त ह्याच्या डोक्यात. म्हणून डाकू त्याला जिवंत ठेवतात. सकाळच्या उन्हात त्या सुळक्याची सावली लांबत लांबत जाते तेव्हा थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यायची. आणि घोड्यांच्या टापांनी डोंगर कोसळायला लागला की पिटातले लोक अक्षरशः उभे राहायचे.

इंग्रजी आम्हाला घंटा कळत नव्हतं. पेक काय बोलतोय ते कळायची गरजच पडली नाही. ह्याला अभिनय म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

शंकासुर

मॅटिनीवाले, त्या पिक्चरमध्ये पेकपेक्षा घोड्यांनी जास्त काम केलंय.

ताई, तुमची लेक बरोबर आहे. ठोकळा होता माणूस. सभ्य, देखणा ठोकळा. पुरावा: 'मोबी डिक' (१९५६). कॅप्टन एहॅब म्हणजे सूडानं पेटलेला, वेडाच्या काठावरचा म्हातारा. तिथे हे चाळिशीच्या आतले गृहस्थ दाढी आणि देवमाशाच्या हाडाचा पाय लावून आले, तरी वाटतं की आत्ता जहाजावरच्या लोकांना नीट दात घासायला सांगतील. स्वतः पेकनंच नंतर कबूल केलंय की आपण त्या भूमिकेला लहान पडलो आणि दिग्दर्शक जॉन ह्यूस्टननं ती स्वतः करायला हवी होती. नटानंच हात वर केल्यावर आपण कशाला वकिली करायची?

फुकट फौजदार

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

सोनचाफा

शंकासुर, 'दात घासायला सांगतील' वाचून हसून हसून पुरेवाट. पण असहमत.

'रोमन हॉलिडे' (१९५३) घ्या. ही भूमिका आधी कॅरी ग्रँटसाठी होती. पेक गमतीनं म्हणायचा की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विनोदी पटकथेवर ग्रँटच्या बोटांचे ठसे असतात. शूटिंग सुरू झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही नवी मुलगी, ऑड्री हेपबर्न, सगळा पिक्चर खाऊन टाकणार. करारानुसार पडद्यावर वर नाव फक्त त्याचं, तिचं खाली बारीक. ह्यानं स्वतःहून सांगितलं की तिचं नाव माझ्या बरोबरीनं लावा, नाहीतर उद्या तिला ऑस्कर मिळालं की मी येडा ठरेन. आणि मिळालंच! आपल्याकडच्या कुठल्या हीरोनं नव्या मुलीसाठी असं केलंय, आठवून बघा.

बरं, हा झाला स्वभाव. अभिनय म्हणाल तर शेवट बघा. पत्रकार परिषद संपते, राजकन्या आत निघून जाते, सगळे पांगतात. हा एकटा उरतो. त्या प्रचंड दिवाणखान्यातून खिशात हात घालून चालत येतो. बुटांचा आवाज फक्त. एक शब्द नाही, डोळ्यात पाणी नाही. दाराशी येऊन एकदा मागे वळून बघतो, आणि आपल्याला पण वेड्यासारखं वाटतं की ती येईल. येत नाही. हा निघून जातो. कितव्यांदा बघतेय ह्याचा हिशेब नाही, दर वेळी मला वाटतं की येईल.

ज्याला 'काही करत नाही' म्हणताय ना, ते असं असतं.

जास्वंदी

+१००. आणि ते दगडी तोंडात हात घालायचं दृश्य! खोटं बोलणाऱ्याचा हात तुटतो अशी आख्यायिका. पेकनं ऑड्रीला न सांगता हात बाहीत लपवून बाहेर काढला आणि ती खरोखर किंचाळली. तोच टेक ठेवला. ठोकळ्याला असलं सुचतं होय?

शंकासुर

ती युक्ती एका विनोदी नटाची उचललेली होती. खुसपट म्हणून नोंदवतो :)

दिवाणखान्याचं मात्र मान्य. मलाही ते येईल-येईल होतं. कुणाला सांगू नका.

रिटायर्ड विमानवाला

मी इथे फारसा लिहीत नाही, पण ह्या विषयावर राहवलं नाही.

नोकरीत असताना नेतृत्वाच्या एका कोर्समध्ये आम्हाला 'ट्वेल्व ओ'क्लॉक हाय' (१९४९) दाखवला होता. अमेरिकेत तर हवाई दलात आणि मॅनेजमेंटच्या वर्गात तो वर्षानुवर्षं दाखवतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधून जर्मनीवर दिवसाढवळ्या बॉम्बहल्ले करणारी एक अमेरिकन तुकडी. आधीचा कमांडर पोरांवर जीव लावतो म्हणून ढिला पडलेला. त्याच्या जागी जनरल सॅव्हेज, म्हणजे पेक, येतो. कडक. येताना फाटकाबाहेर गाडी थांबवून शांतपणे सिगारेट ओढतो, ड्रायव्हरशी बरोबरीनं दोन शब्द बोलतो, मग मागच्या सीटवर जाऊन बसतो आणि तिथून पुढे एकदम वेगळा माणूस. वर्दी कशी चढते हे मी आयुष्यात अनेकदा पाहिलंय. इतकं नेमकं पडद्यावर क्वचितच.

आता धागालेखिकेच्या प्रश्नाकडे येतो. शेवटी ह्या जनरलला मोहिमेवर निघायचं आहे. बी-१७ विमानात खालच्या झडपेतून हातांवर जोर देऊन अंग वर खेचून घ्यावं लागतं. पेक कड धरतो, आणि हात चालत नाहीत. पुन्हा धरतो. नाहीच. चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य, भीती नंतर. मग त्याला खुर्चीत बसवतात आणि विमानं परत येईपर्यंत तो दगडासारखा बसून राहतो. ओरडणं नाही, रडणं नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही.

कोर्सला आमच्यातला एक जण, ज्यानं एकाहत्तर पाहिलं होतं, त्या जागी उठून बाहेर गेला. चहा घ्यायला गेलो असं म्हणाला. चहाची वेळ नव्हती.

ह्या माणसाला ठोकळा म्हणायचं असेल तर जरूर म्हणा.

शंकासुर

साहेब, ह्यावर बोलायला काही उरत नाही. हा पिक्चर बघितलेला नाही, बघतो.

चाळीतला देव

एवढे प्रतिसाद झाले आणि अजून देव आनंदचं नाव नाही? हे मराठी संस्थळच आहे ना?

'हिंदुस्थानचा ग्रेगरी पेक' म्हणायचे देवसाहेबांना. केसांचा कोंबडा, मान तिरकी, लांब टांगा. आणि खरी गंमत सुरैयाची. ती पेकची निस्सीम चाहती. देवसाहेबांनी तो रुबाब उचलला त्यात तिचा वाटा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सुरैयाच्या आजीनं तिचं देवसाहेबांशी लग्न मोडलं ते मोडलंच, पण पेकसाहेब मुंबईत आले तेव्हा रात्री मरीन ड्राइव्हवर सुरैयाच्या घरी जाऊन भेटून गेले. ही हकीगत ती स्वतः सांगायची. विचार करा: नक्कल दारातून परत, अस्सल दिवाणखान्यात!

मॅटिनीवाला

वाक्याला दाद! पण देवच्या भक्तांनी वाचलं तर तुझं काही खरं नाही.

चाळीतला देव

अरे मीच भक्त आहे. आयडी बघ ना.

फुकट फौजदार

फरक एकच. देव आनंद उभा राहूच शकत नव्हता. सतत हलायचा. पेक हलतच नव्हता. दोघांना मिक्सरमधून काढलं असतं तर एक नॉर्मल माणूस निघाला असता.

पणजीकार

गोव्याचं राहिलंच की!

'द सी वुल्व्ज' (१९८०). पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन तिघंही इथे गोव्यात शूटिंगला होते. गोष्टही इथलीच. मार्च १९४३. गोवा पोर्तुगीजांचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून मुरगाव बंदरात शत्रूपक्षाची जहाजं आसरा घेऊन उभी. त्यातलं 'एरेनफेल्स' हे जर्मन जहाज बिनतारी संदेशानं पाणबुड्यांना इंग्रजांच्या बोटींची खबर देतं असा संशय. इंग्रजांना उघड हल्ला करता येईना, तर कलकत्त्याहून 'कॅलकटा लाइट हॉर्स'चे पोट सुटलेले हौशी सैनिक, एरवी चहा-तागाच्या कंपन्यांतले साहेब, एका जुनाट बोटीतून आले आणि रात्रीत काम उरकून गेले. पेक ही मोहीम चालवणाऱ्या इंग्रज हेरखात्यातल्या कर्नलच्या भूमिकेत.

माझा मामा तेव्हा वास्कोत कामाला होता. शूटिंग बघायला सायकल हाणत गेला होता. मूरला बघायला सगळी गर्दी, कारण तो जेम्स बाँड. मामा सांगतो, एका बाजूला खुर्चीत एक उंच म्हातारा टोपी तोंडावर ओढून बसला होता, मामाला वाटलं कुणीतरी हिशेबनीस असेल. मग त्याला बोलावलं, तो उठला, आणि मामाच्या शब्दांत सांगायचं तर "उठतच रायलो". सव्वासहा फुटांचा माणूस, घडी उलगडल्यासारखा उठत गेला. तेव्हा कुणीतरी सांगितलं की हाच तो मॅकेनाज गोल्डवाला.

मॅटिनीवाला

बघा! मॅकेनाज गोल्डवाला! मामांना माझा साष्टांग नमस्कार.

बे एरिया बंड्या

मी बर्कलीजवळ राहतो म्हणून थोडं इकडचं. पेकचा जन्म १९१६ चा, सॅन डिएगोच्या ला होयामधला. वडील औषधांच्या दुकानात, आईवडिलांचा लवकर घटस्फोट. आजीनं सांभाळलं, ती दर आठवड्याला सिनेमाला न्यायची. दहाव्या वर्षी लष्करी शिस्तीच्या बोर्डिंग शाळेत रवानगी. खरं नाव एल्ड्रेड. ते त्यानं पहिली संधी मिळताच टाकलं, आणि मी त्याला दोष देत नाही.

बर्कलीच्या विद्यापीठात आला तो डॉक्टर व्हायला. मग इंग्रजी साहित्याकडे वळला, होड्या वल्हवल्या, शेवटी नाटकाच्या नादी लागला. उंच पोरगा हवा होता म्हणून नाटकात घेतला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला गेला, जत्रेत लोकांना ओरडून खेळाकडे बोलवायचं काम केलं, रेडिओ सिटीत पर्यटकांना फिरवलं. पुढे म्हातारपणी, १९९६ मध्ये, बर्कलीच्या वल्हवणाऱ्या संघाला आपल्या जुन्या प्रशिक्षकाच्या नावानं २५,००० डॉलर दिले.

पाठीचा किस्सा सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्कला अभिनय शिकताना मार्था ग्रॅहमच्या नृत्यवर्गात त्याची पाठ दुखावली. त्यामुळे युद्धात सैन्यात घेतला नाही. स्टुडिओनं मात्र जाहीर केलं की होडी वल्हवताना दुखापत झाली. नाचाच्या वर्गात पाठ धरलेला मर्द हीरो कसा विकायचा! तो स्वतः हे हसत सांगायचा. इकडे सगळे नट आघाडीवर गेल्यामुळे हॉलिवूडला हीरोंचा दुष्काळ, आणि ह्याला एकाच वेळी चार स्टुडिओंची बोलावणी. एमजीएम स्टुडिओचा प्रमुख लुई बी. मेयरनं सात वर्षांच्या करारासाठी गळ घातली, हा नाही म्हणाला, तर मेयरच्या डोळ्यांतून धारा. पेक म्हणायचा, खरा अभिनय त्या खोलीत मेयरनं केला.

आजोळ

वर सगळे पेकची आरती करतायत आणि मला ती पाठ आठवून हसू येतंय. आमच्या गल्लीत एकानं गरब्यात पाय मुरगळून घेतला आणि ऑफिसात ट्रेकला गेलो होतो म्हणून सांगितलं.

तिखटजाळ

उशिरा आले, पण आरतीत थोडं तिखट घालते.

एक: 'मॉकिंगबर्ड' हा गोऱ्यांना स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून केलेला सिनेमा आहे. टॉम रॉबिन्सन, म्हणजे पेक ज्याचा खटला लढवतो तो काळा माणूस, निर्दोष असूनही दोषी ठरतो, गोळ्या घालून मारला जातो, तेही पडद्याबाहेर, आणि आपण रडतो ते कशावर? तर गोरा वकील निघताना गॅलरीतले काळे लोक त्याच्या मानार्थ उभे राहतात त्यावर. मेला तो वेगळाच.

दोन: 'सज्जन, साधा, अहंकार नाही' वगैरे. ह्या सज्जनानं जून १९६२ मध्ये पिक्चरचा कच्चा कट बघून स्टुडिओला लेखी आक्षेप पाठवले होते. एक-दोन नाही, ४४! तक्रारीचा सूर काय, तर मुलांची दृश्यं फार झाली, ॲटिकसला, म्हणजे पेकच्या वकिलाला, धैर्यवान, ठाम दिसायला वाव मिळत नाही. मूळ कादंबरी वकिलाच्या मुलीच्या नजरेतून आहे, पिक्चर जास्त वकिलाचा वाटतो, तो उगाच नाही.

तीन: 'द बिग कंट्री'च्या वेळी (१९५८) स्वतः सहनिर्माता असून एका क्लोजअपचा पुन्हा टेक मिळेना म्हणून सेट सोडून निघून गेला होता. विल्यम वायलर, म्हणजे ज्यानं 'रोमन हॉलिडे' केला त्याच्याशी पुढे काही वर्षं बोलणं बंद.

तेव्हा 'नुसता सज्जन माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला' हे डोक्यातून काढा. आपण कसे दिसतोय ह्याचा इंच-इंच हिशेब ठेवणारा माणूस होता.

खिडकीपाशी

तिखटजाळ, ४४?! हे मला माहीतच नव्हतं. आधी जरा वाईट वाटलं, मग वाटलं की तुम्ही माझ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंत. जो नुसता उभा असतो तो कशाला ४४ मुद्दे काढेल?

तिखटजाळ

अगदी तेच म्हणायचंय मला. संत नव्हता, म्हणूनच नट होता. आणि तो पिक्चर मला आवडतो, हेही सांगून टाकते. आवडतं त्यावरच भांडते मी.

सोनचाफा

पहिल्या मुद्द्यावर एक पुरवणी. टॉम रॉबिन्सन झालेला ब्रॉक पीटर्स. साक्षीच्या दृश्यात तो असा काही रडू लागला की पेकला त्याच्या डोळ्यांत बघवेना. आपणही रडू म्हणून हा त्याच्या चेहऱ्याच्या शेजारी कुठेतरी नजर लावून उभा राहिला. २००३ च्या जूनमध्ये पेक गेला, ८७ वर्षांचा होऊन, तेव्हा अंत्यविधीला श्रद्धांजलीचं भाषण ब्रॉक पीटर्सनंच केलं. आणि वकिलाची मुलगी स्काउट झालेल्या मेरी बॅडमला पेक आयुष्यभर 'स्काउट' म्हणूनच हाक मारायचा.

विदा दाखवा

माणूस म्हणून बोलायचं तर एक गोष्ट नोंदवायला हवी. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली. ऑस्करचा सोहळा ८ तारखेला होता, अंत्ययात्रा ९ ला. पेक तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचा अध्यक्ष. सोहळा १० तारखेवर ढकलला. ऑस्करच्या इतिहासात असं क्वचितच झालंय.

तिखटजाळ

अर्धं सांगितलंत. सिडनी पॉइटिए, सॅमी डेव्हिस ज्युनियर, लुई आर्मस्ट्राँग, डायहान कॅरल ह्या काळ्या कलाकारांनी अंत्ययात्रेआधी सोहळा झाला तर येणार नाही म्हणून कळवलं होतं. निर्णय पेकचा, पण रेटा त्यांचा.

विदा दाखवा

मान्य. पण रेटा आला की ऐकायचा की नाही, हे खुर्चीत बसलेला ठरवतो. आणि ह्या माणसाचा इतिहास बघा. १९४७ मध्ये कम्युनिस्ट हुडकण्याच्या नावाखाली हॉलिवूडमागे चौकशी लागली, तेव्हा तिच्या निषेधाच्या पत्रकावर ह्याची सही. त्याच वर्षी ज्यूद्वेषावरचा 'जंटलमन्स ॲग्रीमेंट' केला. त्यात तो ज्यू असल्याचं भासवून लोकांची वागणूक टिपणारा पत्रकार आहे. ह्यात पडू नकोस असं त्याच्या एजंटनं सांगितलं होतं. व्हिएतनाम युद्धाला विरोध, त्याच वेळी स्वतःचा एक मुलगा तिथे लढत होता. निक्सनच्या शत्रूंच्या यादीत नाव.

'रोमन हॉलिडे'चंच बघा. कथा डाल्टन ट्रंबोची. पण तो त्याच चौकशीमुळे काळ्या यादीत, म्हणून नाव दुसऱ्याचं. ऑस्करही दुसऱ्याच्या नावे. ट्रंबोचं बक्षीस त्याच्या पश्चात, १९९३ मध्ये त्याच्या घरी पोचलं. वर कुणी दगडी तोंडाचं लिहिलंय ना, खोटं बोलणाऱ्याचा हात तुटतो म्हणून. त्या पिक्चरच्या श्रेयनामावलीतच खोटं होतं.

शंकासुर

शेवटच्या ओळीबद्दल तुम्हाला एक कटिंग माझ्याकडून.

कोर्टाची पायरी

वकील आहे, म्हणून दोन शब्द. 'मॉकिंगबर्ड'मधलं कोर्टातलं शेवटचं नऊ मिनिटांचं भाषण. ते एका टेकमध्ये झालं असं सांगतात. आम्ही लॉ कॉलेजात असताना पोरं ते पाठ करायची. मी पण.

प्रत्यक्षात आपल्याकडे असं भाषण ठोकायला ज्युरीच उरलेली नाही. नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' निकाल दिला, हायकोर्टानं तो फिरवला, आणि पुढे ज्युरीचा गाशाच गुंडाळला गेला. आमचे ज्येष्ठ म्हणायचे की न्यायाधीशापुढे आवाज चढवलास तर तो फाइल बंद करून जेवायला जाईल.

पण वकिलाच्या नजरेनं एक सांगतो. पेक भाषणात जिंकायला उभा नाही. त्याला माहीत आहे की हरणार. अलाबामा, १९३० चं दशक, बारा गोरे पुरुष. हे माहीत असलेला वकील कसा उभा राहतो ते मी पाहिलंय, अनेकदा तो मीच असतो. खांदे थोडे खाली येतात, आवाज उलट शांत होतो, आणि हात टेबलाच्या कडेला टेकायला शोधत राहतात. पेकचे हात बघा त्या दृश्यात. बाकी मी काही म्हणत नाही.

आजोळ

'द ओमेन'बद्दल कुणीच कसं बोललं नाही? लहानपणी चोरून बघितला आणि आठवडाभर आईजवळ झोपले.

बे एरिया बंड्या

बरं काढलंस. १९७५ मध्ये पेकच्या थोरल्या मुलानं, जोनाथननं, आत्महत्या केली. बाप परदेशात होता. आपण जवळ असतो तर, हे त्याला पुढे कायम खात राहिलं. त्यानंतर लगेच त्यानं 'द ओमेन' (१९७६) घेतला. मानधन कमी आणि कमाईत वाटा, अशी बोली होती, आणि पिक्चर तुफान चालल्यामुळे पैसा भरपूर मिळाला. पण भूमिका कुणाची? मूल गमावलेल्या बापाची. भुताखेताचा सिनेमा म्हणून बघतो आपण. एकदा फक्त त्याचा चेहरा बघत बसा.

आजोळ

आता नाही बघवणार.

फुकट फौजदार

धागा गंभीर झाला म्हणून विचारतो: पेकनं मिशा ठेवल्या होत्या तो पिक्चर कुठला?

मॅटिनीवाला

'द गनफायटर' (१९५०). स्टुडिओचा मालक म्हणे बोंबलत होता की त्या मिशीनं आमचे लाखो डॉलर बुडवले. बायकांना मिशीतला पेक नको होता. ह्या पिक्चरच्या फार जवळची वाटली म्हणून त्यानं पुढे 'हाय नून'ची भूमिका नाकारली. ती गॅरी कूपरनं केली आणि ऑस्कर नेलं. मिशी महागात पडली ती अशी.

रिटायर्ड विमानवाला

'द गनफायटर' मिशीसकट उत्तम आहे. वायुसेनेत मिशीला आक्षेप नसे.

खिडकीपाशी

मंडळी, खूप आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल रात्री लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. गोव्याच्या मामांचं "उठतच रायलो" तिला सगळ्यात आवडलं.

मग दोघींनी मिळून मॉकिंगबर्डमधला एकच प्रसंग पुन्हा लावला. टॉमच्या घरी वाईट बातमी सांगून ॲटिकस बाहेर येतो आणि तो बॉब ईवेल, टॉमवर आळ घेणाऱ्या मुलीचा बाप, समोर येऊन त्याच्या तोंडावर थुंकतो. पेक एक पाऊल पुढे येतो. तेवढंच. मग थांबतो. खिशात हात जातो, रुमाल निघतो, चेहरा पुसतो, आणि बाजूनं जाऊन गाडीत बसतो.

लेकीनं ते पाऊल तीन वेळा मागे घेऊन बघितलं. म्हणाली, "तो मारणार होता गं. पायानं ठरवलं होतं, हातानं नाही म्हटलं."

मी गप्प बसले. मला इतकं नीट मांडता आलं नसतं.

शंकासुर

'ठोकळा' शब्द मागे घेतो. 'मोबी डिक'बद्दलचं मागे घेत नाही.

मॅटिनीवाला

लेकीला मॅकेनाज गोल्ड कधी दाखवताय?

खिडकीपाशी

ह्या रविवारी 'रोमन हॉलिडे' ठरलाय. तिची अट आहे की शेवटी ती राजकन्या परत येते की नाही हे आधीच सांगायचं. काय सांगू?

सोनचाफा

येते म्हणून सांगा. आम्ही इतकी वर्षं तेच धरून बसलोय.